कागदी संघाचे कारभारी

२०२५ च्या ऑगस्ट महिन्यात संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा मंजूर केला. २० तारखेला लोकसभा, २१ ला राज्यसभा आणि २२ ला राष्ट्रपतींची संमती, अशा झपाट्याने तो झाला. पैसे लावून खेळावयाचा कोणताही ऑनलाइन खेळ, मग तो कौशल्याचा असो वा नशिबाचा, चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड, त्याची जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड, खेळणाऱ्यास मात्र शिक्षा नाही, अशी त्याची मांडणी आहे. कायदा होताच ड्रीम इलेव्हन व तिच्या भाईबंद कंपन्यांनी पैशाच्या स्पर्धा बंद केल्या आणि सप्टेंबरातल्या आशिया चषक स्पर्धेत भारताचा क्रिकेट संघ पुरस्कर्त्याच्या नावावाचून कोऱ्या छातीचा सदरा घालून मैदानात उतरला. कायद्याला आव्हानही देण्यात आले. त्याची घटनात्मक बाजू न्यायालयांनी पाहावी. आम्हाला येथे निराळ्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. पैसा वजा केल्यावर या खेळात उरते काय? खऱ्या खेळाडूंचा काल्पनिक संघ बांधण्याचा हा छंद तरुणांच्या हाती द्यावा काय, आणि द्यावयाचा तर हॉकीसारख्या खेळातून त्याची सुरुवात कशी करावी?

या विचारास उज्जैनपासून आरंभ करण्यास कारण आहे. गोव्यातून आणि कोकणातून महाकाळाच्या दर्शनास जाणाऱ्या यात्रेकरूची आगगाडीतून उतरल्यावर स्थानकाजवळच्या देवास गेटच्या बसस्थानकाशी गाठ पडते. शहर परके वाटू नये असे धागेही आहेत. आज ज्या मंदिरासमोर रांगा लागतात ते अठराव्या शतकात उभारले राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी सुखटणकर यांनी, म्हणजे आपल्याच किनारपट्टीच्या माणसाने. पण याच शहरात जून २०२४ मध्ये, टी-ट्वेन्टी विश्वचषक सुरू असताना, पोलिसांनी क्रिकेटवर ऑनलाइन सट्टा घेणाऱ्यांवर छापा घातला आणि जवळजवळ पंधरा कोटी रुपयांची रोकड हाती लागली. एवढ्या नोटा मोजावयास यंत्रे लागतात. त्या नोटा कोणाच्या, हा प्रश्न मात्र छाप्याच्या बातमीत फारसा कोणी विचारला नाही. त्या बसस्थानकांवर गाडीची वाट पाहणाऱ्यांच्या, फळगाडीवाल्यांच्या, महाविद्यालयात नाव घातलेल्या पोरांच्या खिशांतूनच अशा रकमा साचत जातात. मोठे भांडवलदार सट्टा खेळतात तेव्हा त्याला निराळे प्रतिष्ठित नाव असते.

द्यूताशी उज्जयिनीचा संबंध जुना आहे. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’चे कथानक याच नगरीत घडते. देवलांनी ते मराठी रंगभूमीवर आणल्यामुळे चारुदत्त आणि वसंतसेना आपल्या घरचीच झाली आहेत. परंतु मूळ नाटकाच्या दुसऱ्या अंकातला संवाहक पुष्कळांच्या स्मरणात नसेल. अंग रगडण्याचा धंदा करणारा हा माणूस जुगारात दहा सुवर्णमुद्रा हरतो आणि अड्ड्याचा मालक माथुर पाठीस लागला म्हणून पळत सुटतो. एका ओसाड देवळात शिरून तो मूर्तीसारखा निश्चल उभा राहतो. माथुर आणि त्याचा साथीदार काय करतात? ते त्याला ओढून काढीत नाहीत. मूर्तीसमोर बसून ते फासे टाकू लागतात. फाशांचा आवाज कानी पडताच संवाहकाला राहवत नाही. लपण्याचे भान विसरून तो आपणहून पुढे येतो. दीड हजार वर्षांपूर्वीच्या नाटककाराने जे ओळखले त्यावर आज कोट्यवधींचे धंदे उभे आहेत. मोबाइलवर सामना सुरू होण्याच्या अर्धा तास आधी वाजणारी ती छोटी घंटा फाशांच्या आवाजाहून निराळी नाही.

आता खुद्द या खेळाविषयी. काल्पनिक संघाचा प्रकार मूळचा अमेरिकेतला. १९८० साली डॅनियल ओक्रेंट हा लेखक आणि त्याचे मित्र न्यूयॉर्कमधल्या एका उपाहारगृहात जमत आणि बेसबॉलपटूंचे कागदावरचे संघ बांधीत. तिकडे हॉकीचा काल्पनिक संघ म्हटला की बर्फावरची हॉकी समजावयाची. आपली हॉकी गवतावरची, आणि आता निळ्या कृत्रिम हिरवळीवरची. आपल्याकडे या प्रकाराचा सारा व्याप क्रिकेटभोवती वाढला. ड्रीम इलेव्हन २००८ साली मुंबईत सुरू झाली आणि २०२० मध्ये २२२ कोटी रुपये देऊन तिने आयपीएलच्या शीर्षकालाच आपले नाव जोडले; हॉकी तिच्या ताटातले तोंडीलावणे होती. तरीही नवशिक्याने हॉकीपासून सुरुवात करावी असे आम्हाला वाटते. क्रिकेटमध्ये आकडेच इतके मुबलक असतात की सामना न पाहताही संघ बांधता येतो. हॉकीत ते जमत नाही.

रीत सोपी आहे. खेळणारा स्वतःस संघाचा व्यवस्थापक समजतो. त्याच्या हाती शंभर गुणांची काल्पनिक थैली दिली जाते. प्रत्येक खेळाडूस त्याच्या लौकिकानुसार आठ, नऊ, दहा अशी किंमत लावलेली असते आणि दोन्ही बाजूंच्या खेळाडूंतून त्या शंभरात अकरा जण बसवावयाचे असतात: एक गोलरक्षक, काही बचावाचे, काही मधल्या फळीचे, काही आघाडीचे. एकास कर्णधार नेमले की त्याचे गुण दुप्पट, उपकर्णधाराचे दीडपट. सामना सुरू होण्यापूर्वी यादी बंद होते. पुढे ते खेळाडू मैदानावर जे करतील त्याचे गुण आपल्या खात्यात. शंभरात अकरा म्हणजे माणशी नऊपेक्षा किंचित अधिक. दोघे नामवंत घेतले की उरलेल्या नऊ जणांत काटकसर आलीच. महिन्याचा बाजार भरणाऱ्या गृहिणीला हे गणित कोणी शिकवावे लागत नाही. खऱ्या व्यवस्थापकांनाही ते चुकत नाही. २०२४ च्या ऑक्टोबरात पुनरुज्जीवित हॉकी इंडिया लीगचा लिलाव झाला तेव्हा पुरुषांच्या प्रत्येक संघाची थैली चार कोटींची होती आणि सूरमा हॉकी क्लबने तिच्यातले ७८ लाख एकट्या हरमनप्रीतसिंगवर खर्च केले; जवळजवळ पाचवा हिस्सा.

तो शहाणपणा होता की हौस? नवशिक्याचा पहिला धडा येथेच आहे. हरमनप्रीत बचावपटू. क्रिकेटच्या सवयीने पाहणारा म्हणेल, बचावपटूला एवढे मोल कशास? परंतु पॅरिस ऑलिंपिकमध्ये सर्वाधिक, म्हणजे दहा गोल करणारा खेळाडू हाच, कारण पेनल्टी कॉर्नरचा फटका त्याचा. आधुनिक हॉकीतले पुष्कळसे गोल पेनल्टी कॉर्नरवर होतात आणि तो फटका मारणारा बहुधा मागल्या फळीत उभा असतो. तेव्हा संघ बांधताना प्रथम पाहावे ते हे की कोणत्या बाजूचा कॉर्नर कोण घेतो, आणि तो बाहेर बसला असता दुसरा कोण घेतो. दुसरी गोष्ट बदली खेळाडूंची. पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार डावांत खेळाडू हवे तितक्या वेळा आत-बाहेर होतात. आघाडीचा खेळाडू काही मिनिटे जीव तोडून धावतो आणि बाकावर येऊन बसतो. म्हणून सुरुवातीच्या अकरांत नाव असणे वा नसणे यावरून फारसे काही ठरत नाही. प्रत्यक्षात कोण किती वेळ मैदानावर असतो, हे दोन-चार सामने डोळ्यांनी पाहिल्याखेरीज समजत नाही. तिसरी गोष्ट गोलरक्षकाची. अडविलेल्या चेंडूंना गुण असतील तर दुबळ्या संघाचा गोलरक्षक अधिक गुण मिळवितो, कारण त्याच्यावर मारा अधिक होतो. बलवान संघाचा गोलरक्षक बिचारा दुसऱ्या टोकाला उभा राहून कंटाळतो.

कागदाला दिसते काय आणि दिसत नाही काय, याचा उत्तम दाखला ४ ऑगस्ट २०२४ चा पॅरिसमधला भारत-ब्रिटन उपांत्यपूर्व सामना. सतराव्या मिनिटाला अमित रोहिदासला लाल कार्ड मिळाले आणि भारत पुढची चाळीसहून अधिक मिनिटे दहा जणांनिशी खेळला. बरोबरीनंतर पेनल्टी शूटआउटमध्ये भारताने ४-२ असा विजय मिळविला. ज्याच्या कागदी संघात रोहिदास होता त्याचा संघ त्या क्षणी बुडाला. खरा संघ मात्र जिंकला. रोहिदासची रिकामी जागा भरून काढण्यासाठी ज्या नऊ जणांनी आपापली जागा सोडून धाव घेतली, त्या धावण्याला कोणत्या तक्त्यात किती गुण होते? श्रीजेशने अडविलेले फटके मोजले गेले. त्याच्यासमोर उभ्या राहिलेल्या भिंतीची मोजदाद झाली नाही. काल्पनिक संघ बांधणाऱ्याला हे एकदा उमगले की तो खेळाचा विद्यार्थी झाला. न उमगले तर तो आकड्यांचा गिऱ्हाईकच राहतो.

येथे कौशल्याच्या प्रसिद्ध युक्तिवादाकडे वळले पाहिजे. १८६७ च्या सार्वजनिक जुगार कायद्यानेच निव्वळ कौशल्याच्या खेळांना जुगारातून वगळले होते. १९५७ साली चमारबागवाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो भेद उचलून धरला, १९६८ मध्ये रमीला कौशल्याचा खेळ ठरविले, १९९६ मध्ये घोड्यांच्या शर्यतींना. त्याच परंपरेत २०१७ साली पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने आणि २०१९ साली मुंबई उच्च न्यायालयाने ड्रीम इलेव्हनचा खेळ कौशल्याचा मानला. आम्हास हे निर्णय चुकीचे वाटत नाहीत. वर सांगितलेली निवड करावयास अक्कल लागते, हे उघड आहे. आमचे म्हणणे असे की धोका याच अकलेत होता.

मटक्याचा आकडा लावणारा मनुष्य हरला तर नशिबाला बोल लावतो. फार तर स्वप्नात दिसलेल्या आकड्याचा अर्थ लावण्यात चुकलो म्हणतो. आपण मूर्खपणा करीत आहोत, हे त्याला मनातून ठाऊक असते. घरच्यांना तर असतेच. काल्पनिक संघाचा कारभारी हरला तर त्याला वाटते आपला अभ्यास कमी पडला. उद्या अधिक अभ्यास करू. तो नशिबाला दोष देऊन उठत नाही, स्वतःला दोष देऊन पुन्हा बसतो. कौशल्य खरे असल्यामुळेच आशा टिकते आणि आशा टिकल्यामुळे खिसा रिकामा होतो. त्यातून एकाच स्पर्धेत लाखो माणसे उतरली की थोडेसे अधिक कौशल्य असलेल्याचेही कौशल्य त्या गर्दीत विरून जाते, आणि शेकडो संघ एकदम उतरविणाऱ्या मूठभर सराईतांपुढे देवास गेटवरच्या पोराचा एकुलता संघ टिकावा कसा? जाहिरातीत जिंकलेल्याचे घर आणि मोटार दिसे, आणि शेवटी आर्थिक जोखमीची सूचना इतक्या घाईने उच्चारली जाई की लिलावातल्या दलालानेही लाजावे. कायदा आणताना केंद्र सरकारने जो अंदाज सांगितला तो असा की सुमारे ४५ कोटी लोक पैशाच्या ऑनलाइन खेळांत दरवर्षी जवळपास वीस हजार कोटी रुपये गमावतात. अंदाज थोडा चढा धरला तरी निम्म्यानेही झोप उडावी.

सरकारचेही येथे कौतुक करण्याजोगे नाही. ऑक्टोबर २०२३ पासून याच खेळांत जमा होणाऱ्या पूर्ण रकमेवर २८ टक्के वस्तू व सेवा कर वसूल होत होता. जोवर उत्पन्न येत होते तोवर ते करपात्र मनोरंजन होते. मग दोन वर्षांच्या आत तोच प्रकार सामाजिक संकट ठरला. आणि गोव्यात राहून याविषयी बोलताना आपण थोडे जपूनच बोललेले बरे. १९७६ चा गोवा, दमण व दीव सार्वजनिक जुगार कायदा आपल्याकडे आहे. त्याच कायद्याला १९९० नंतरच्या दशकात दुरुस्त्यांची दारे पाडून आपण पंचतारांकित हॉटेलांत यंत्रे आणि मांडवीच्या पात्रात जुगाराच्या बोटी आणल्या. १ फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांना तेथे खेळण्यास बंदी झाली. म्हणजे हा धंदा आपल्या मुलांसाठी वाईट आणि पाहुण्यांच्या मुलांसाठी चांगला, असे आपण लेखी कबूल केले आहे. त्या पाहुण्यांत उज्जैनचे आणि इंदूरचेही असणार.

तरी २०२५ च्या कायद्यात एक गोष्ट नेमकी साधली आहे. कौशल्य किती आणि नशीब किती हा दीडशे वर्षांचा काथ्याकूट बाजूला ठेवून त्याने रेषा पैशावर आखली. पैसा असेल तर बंदी. नसेल तर खुशाल खेळा. कोट्यवधींच्या सवयीला एका रात्रीत कुलूप लावले की त्यातले काही जण परदेशातून चालणाऱ्या सट्ट्याच्या संकेतस्थळांकडे आणि गल्लीतल्या खायवाल्याकडे वळतील, ही भीती खरी आहे. उज्जैनचा छापा तर कायद्याच्या आधीचा, म्हणजे उजळ माथ्याचे दुकान चालू असतानाच काळोखातले दुकानही जोरात होते. यावर पोलिसांनी करावयाचे ते पोलिसांनी करावे. पण ज्या मुलाला संघ बांधण्याची खरी गोडी लागली आहे त्याच्यापुढे काय ठेवावयाचे?

त्या मुलाला आम्ही सांगू की माळव्याच्याच मातीत पाहा. उज्जैनहून फार दूर नसलेल्या महूचे किशनलाल हे १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमधील सुवर्णविजेत्या भारतीय संघाचे कर्णधार. आणि त्याच संघात लिओ पिंटो, वॉल्टर डिसोझा हे मूळ गोमंतकीय खेळाडू होते. मांडवी आणि क्षिप्रा एका संघात नांदल्या त्या अशा. महूचेच शंकर लक्ष्मण हे सैन्यात बँडवाले म्हणून भरती झाले, मराठा लाइट इन्फन्ट्रीत राहिले आणि १९५६, १९६० व १९६४ अशा तीन ऑलिंपिकांत भारताचे गोलरक्षक होते. १९५६ च्या मेलबर्न स्पर्धेत भारताने ३८ गोल केले आणि एकही होऊ दिला नाही. आजच्या तक्त्यात ते घातले तर अडविलेल्या चेंडूंचे गुण कदाचित फारसे भरणार नाहीत. दोन सुवर्णपदके आणि एक रौप्यपदक मिळविलेला हा गोलरक्षक २००६ साली महूमध्ये पायाच्या गँग्रीनने, हलाखीत गेला. हॉकीचा भारतीय संघ २०१८ पासून ओडिशा सरकारच्या आश्रयावर उभा आहे, हे क्रिकेटच्या सदऱ्यावरील कोट्यवधींच्या सौद्याशेजारी ठेवून पाहावे. आणि उज्जैन ज्या खेळासाठी खरोखर नावाजलेले आहे त्या मल्लखांबाचा, मराठी माणसानेच घडविलेल्या आणि मध्य प्रदेशाने २०१३ मध्ये राज्यखेळ म्हणून स्वीकारलेल्या मल्लखांबाचा, काल्पनिक संघ कोणत्याही कंपनीने कधी काढला नाही. तेथे पैज लावता येत नाही, तेव्हा अक्कलही नको.

आमची सूचना साधी आहे. शाळा-महाविद्यालयांतल्या क्रीडाशिक्षकांनी वीस-पंचवीस मुलांचे मंडळ करावे. प्रवेशशुल्क नाही, बक्षीस नाही. हॉकी इंडिया लीगचा हंगाम पुरेसा लांब असतो. त्यात प्रत्येकाने एकच संघ बांधावा, वहीत लिहावा आणि शेजारी एका ओळीत कारण नोंदवावे: हा खेळाडू का घेतला. सामना पाहिल्याशिवाय गुण मांडू नयेत. गुणांचा तक्ताही मुलांनीच ठरवावा, आणि त्यावर भांडावे. चेंडू हिरावून घेण्याला किती, सहकाऱ्यासाठी रिकामी केलेली जागा मोजावयाची कशी, दहा जणांनिशी खेळलेल्या मिनिटांना काही द्यावे की नाही. या भांडणात मुले जेवढी हॉकी शिकतील तेवढी वर्षभराच्या समालोचनातून शिकणार नाहीत. मुलींचा लीगही आता वेगळा भरतो. मंडळात मुली असल्या तर तोही धरावा, नसल्या तर का नाहीत याची चौकशी करावी.

आणि एवढे झाले की या खेळाडूंच्या यादीत आपल्या गावची नावे का नसावीत? म्हापशाच्या पेडे येथील कृत्रिम मैदानावर २०२३ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेतली हॉकी झाली. तेथे आता स्थानिक सामने होतील तेव्हा त्यांचा नीट तक्ता, म्हणजे गोल कोणी केला, कितव्या मिनिटाला, कॉर्नर कोणी घेतला, गोलरक्षकाने किती अडविले, हे कोणी लिहून ठेवतो काय? नसेल तर राज्याच्या हॉकी संघटनेने तो लिहावा आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांकडे पाठवावा. आम्ही तो छापू. मुलांना संघ बांधावयास तेवढे पुरेल.